सासूबाईंना घरोघर फिरवू नका, पाळी माणसांची लावा

कराडहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्रातला महत्त्वाचा भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, माझं वय ४६. पतसंस्थेत चौदा वर्षं लिपिक आहे. मिस्टर साखर कारखान्यात, शिफ्टची नोकरी. सासूबाई ७६ वर्षांच्या. सासरे प्राथमिक शिक्षक होते, ते जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपासून सासूबाईंना विसरायला होतंय. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला आणि एक गोळी लिहून दिली. 'हे कुठं गेले?' असं दिवसभर विचारतात. खरं सांगितलं की नव्याने रडतात. माझ्या पाटल्या सुनेने चोरल्या, असं शेजारणीला सांगतात. पहाटे उठून गॅस चालू करतात. मुलगी बारावीत आहे, आजीच्याच खोलीत झोपते. दीर पुण्याला, नणंद डोंबिवलीला. ते रविवारी येतात तेव्हा सासूबाई नीट बोलतात, हसतात. नणंद म्हणाली, 'वहिनी, आईला काही झालेलं नाही, तुम्हालाच तिचा कंटाळा आलाय.' आता दिरांनी सुचवलंय की आईला चार-चार महिने तिघांकडे ठेवू. मागच्या महिन्यात आंघोळ घालताना त्यांनी मला मारलं आणि मी त्यांचा हात जोरात झटकला. मनगटावर वळ उठला. रात्रभर झोपले नाही. कधी वाटतं, सुटल्या तर बरं. मी नोकरी सोडू का? मी वाईट बाई आहे का?"

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, तुम्ही वाईट नाही. 'सुटल्या तर बरं' हे वर्षानुवर्षं आजारी माणसाचं करणाऱ्या खूप जणांच्या मनात येतं. पोटच्या मुलांच्या मनात येतं, पन्नास वर्षं संसार केलेल्या जोडीदाराच्याही मनात येतं. ते मनात आलं म्हणून तुमची माया खोटी ठरत नाही.

वळाकडे मात्र डोळेझाक करायची नाही. तुम्ही स्वतःहून ते लिहिलंत, लपवलं नाहीत, म्हणून स्पष्ट सांगते: हे पुन्हा घडू शकतं. इतक्या थकलेल्या माणसाला 'यापुढे मनावर ताबा ठेवा' असं सांगून भागत नाही, त्याला रोजच्या व्यवस्थेत बदल लागतो. राग मस्तकात गेला असं वाटलं की सासूबाईंचं अंग पुसायचं, त्यांना पलंगावर बसवायचं आणि तुम्ही पाच मिनिटं अंगणात जायचं. आंघोळ अर्धी राहिली तर राहू दे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. मनाच्या आजारांसाठी असला तरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांनीही तिथे बोलावं. रात्री दोन वाजता माहेरी फोन करता येत नाही, इथे करता येतो.

मुळात आंघोळ रोज हवीच असं नाही. एक दिवसाआड घाला, मधल्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसा. डोक्यावरून तांब्या ओतला की या आजारात माणूस घाबरतं, काय चाललंय तेच त्याला कळत नाही, आणि घाबरलेलं माणूस हात उगारतं. पायांपासून सुरुवात करा. एक तांब्या त्यांच्या हातात द्या, म्हणजे हाताला काम मिळतं. अंगावर एक टॉवेल राहू द्या आणि त्याच्या आतून धुवा. उभा जन्म सुनेसमोर पदर न ढळू दिलेल्या बाईला उघडं बसवल्यावर ती चिडणारच. त्यांची पूर्वीची आंघोळीची वेळ कोणती होती तेही आठवून बघा. पहाटे पाचला आंघोळ करून देवपूजेला बसण्याची सवय असेल आणि तुम्ही ऑफिसच्या घाईत नऊला घालत असाल, तर निम्मं भांडण वेळेचंच असेल.

आता आजाराबद्दल थोडं. भारतात साठीपुढच्या शंभर माणसांमागे साधारण सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासातून २०२३ साली पुढे आला. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. तेव्हा तुमच्या घरावरच काही आभाळ कोसळलेलं नाही, फक्त बाकीची घरं बोलत नाहीत. तुमच्या पत्रात एका गोळीचा उल्लेख आहे, तपासण्यांचा नाही. बी-१२ आणि थायरॉईड तपासलं होतं का, डोक्याचा स्कॅन झाला होता का, हे डॉक्टरांना विचारा. बी-१२ किंवा थायरॉईड कमी असल्यानेही विसरभोळेपणा येतो किंवा असलेला वाढतो, आणि त्यावर उपचार आहेत. कानात मळ साठलाय का, मोतीबिंदू पिकलाय का, हेही बघा. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो. विसरण्यावरची गोळी हा आजार बरा करत नाही, काही जणांना काही काळ तिचा थोडा उपयोग होतो, एवढीच अपेक्षा ठेवा. आणि हे कायम लक्षात असू द्या: सासूबाई एक-दोन दिवसांत अचानक खूप बिघडल्या, बरळायला लागल्या किंवा पेंगुळल्या, तर 'आजार वाढला' म्हणून घरी बसू नका. बऱ्याचदा लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं किंवा बद्धकोष्ठ असं कारण निघतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

'हे कुठं गेले?' या प्रश्नावर घरोघरी गोंधळ असतो. खरं सांगितलं की त्या रडतात, आणि तासाभरात विसरून पुन्हा विचारतात. सासऱ्यांच्या जाण्याचं दुःख त्यांना दिवसातून दहा वेळा पहिल्यांदा भोगायला लावणं मला क्रूर वाटतं. 'येतील आत्ता' असं सांगितलं तर त्या दारात वाट बघत बसतात, तेही बरं नाही. मधली वाट अशी: 'अण्णांची आठवण येतेय होय? शाळेतून आले की आधी काय मागायचे हो, चहा की पाणी?' त्या बोलायला लागतात, कारण चाळीस वर्षांपूर्वीचं त्यांच्यापाशी अजून शाबूत आहे. त्यांना बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं, जवळ कुणीतरी हवं असतं. घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, मुलीनेही. आणि एखाद्या दिवशी त्यांनी स्वच्छ मनाने, डोळ्याला डोळा भिडवून विचारलं, 'ते गेले ना गं?', तर हो म्हणा आणि जवळ बसा.

पाटल्यांचं प्रकरण जिव्हारी लागलंय हे अक्षरावरून कळतं, तिथे पेन जोरात दाबलंय. चोरीचा आळ हे या आजारातलं अगदी नेहमीचं लक्षण आहे. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग कुणीतरी घेतली असणार असं मेंदू ठरवतो, आणि समोर सतत जे माणूस असतं त्याच्यावर आळ येतो. चार महिन्यांतून एकदा येणाऱ्या लेकीवर तो येत नाही. वाद घालू नका, 'चला, दोघी शोधू' म्हणा. एक ग्रॅमच्या पाटल्या बाजारात मिळतात, त्या त्यांच्या डब्यात ठेवा, हातात घालू द्या. खऱ्या दागिन्यांसाठी मात्र आजच पाऊल उचला. दीर-नणंद येतील त्या दिवशी सगळे दागिने त्यांच्यासमोर काढायचे, सराफाकडून वजनाची पावती घ्यायची, यादीवर तिन्ही भावंडांनी सह्या करायच्या आणि लॉकरमध्ये ठेवायचे. यादीची एकेक प्रत तिघांकडे राहील. पुढे कधी काही निघालं तर तुमच्यावर बोट येता कामा नये.

रविवारी पाहुणे आले की सासूबाई नीट कशा वागतात, हे तुम्हाला कोड्यासारखं वाटतं. रीतभात, हसणं, 'जेवून जा' म्हणणं हे आयुष्यभराच्या सवयीने पाठ झालेलं असतं आणि ते खूप उशिरा जातं. तास-दोन तास सगळं बळ एकवटून त्या निभावून नेतात. पाहुणे गेल्यावर संध्याकाळी त्या जास्त भ्रमिष्ट होतात का, बघा. नणंदेला हे भांडून पटणार नाही. कागदावर लिहिलेलं पटेल. एक शंभर पानी वही घ्या आणि पंधरा दिवस नुसत्या नोंदी करा. वेळ, काय झालं, कोण होतं, खर्च किती. 'पहाटे ४.१०. देव्हाऱ्यापुढे काडी पेटवून उभ्या. गॅसचं बटण सुरू. मी उठले.' 'दुपारी १.३०. ताटातला भात पदरात बांधला. मुलीने सोडवला.' 'रात्री ११ ते १२.१५. गावी जायचंय म्हणून दाराची कडी काढत होत्या. मिस्टर सेकंड शिफ्टला.' टोमणे नकोत, विशेषणं नकोत. मोबाईलवर त्यांचं चित्रण करून ग्रुपवर टाकू नका. त्या अवस्थेत आपल्याला कुणी बघावं असं त्यांना कधीच वाटलं नसतं. या वहीचा डॉक्टरांनाही मोठा उपयोग होईल.

गॅसचं आत्ताच उरका: रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, काडेपेटी कुलपात. बाथरूमची आतली कडी काढून टाका. घराबाहेर निसटल्या तर म्हणून तुमचा नंबर लिहिलेली पट्टी साडीच्या पदराला आणि ब्लाउजला आतून शिवा. अलीकडचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि त्या दिसेनाशा झाल्या तर शोधाशोध करत तास घालवण्याआधी ११२ लावा.

आता चार-चार महिन्यांचा प्रस्ताव. दिरांचा हेतू चांगला आहे असं धरून चालते. आपल्याकडे आईबापांना पाळीने सांभाळायची रीत आहे आणि धडधाकट म्हाताऱ्यांच्या बाबतीत ती चालूनही जाते. डिमेन्शियात मात्र ती घातक आहे. सासूबाईंना आज संडासची वाट सापडते, कारण पाय ती चाळीस वर्षं चालताहेत. पुण्याच्या फ्लॅटमध्ये रात्री उठल्यावर त्यांना बाथरूम कुठे तेच कळणार नाही. त्या पडतील, घाबरतील, आणि जरा सरावल्या की डोंबिवलीला जायची वेळ येईल. परत कराडला आल्यावर कदाचित हे घरही ओळखायचं नाही. म्हणून माझं म्हणणं असं: आई जागेवर राहू द्या आणि पाळी माणसांची लावा. वर्षाचे ठरावीक दिवस नणंद कराडला येऊन राहील, ठरावीक दिवस दीर किंवा जाऊबाई येतील, आणि तेवढे दिवस तुम्ही माहेरी किंवा हव्या तिथे जाल. 'बघू, जमलं तर येतो' चालणार नाही. कॅलेंडरवर तारखा लिहायच्या.

हे घडवायचं तर बैठक बसवावी लागेल, आणि ती तुमच्या मिस्टरांनी बोलवायला हवी. आई त्यांची आहे. तुम्ही बोलवलीत तर 'वहिनींची तक्रार' होईल, त्यांनी बोलवली तर तीन भावंडांचा प्रश्न होईल. बैठकीत मदतीची विनवणी करू नका. मदत म्हटलं की समोरचा उपकार करतो आणि थांबतोही. शेतजमिनीची वाटणी आपण गुंठ्यागुंठ्याने मोजून घेतो, तशी आईच्या आजारपणाची वाटणी मागा.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा अधिनियम सांभाळाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकतो. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे सगळं त्यात येतं. त्या व्याख्येत सून नाही. जावयाचंही नाव नाही, पण लेकीचं आहे. म्हणजे जी व्यक्ती दिवसाचे बारा तास हे काम करते तिच्यावर कायद्याने ते बंधन नाही आणि ज्यांच्यावर आहे ते रविवारी येतात. हा कायदा धमकी म्हणून टेबलावर आपटू नका, पण तो ठाऊक असलेलं माणूस खाली मान घालून बोलत नाही. अगदीच कुणी हात झटकले तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तिथे वकील लागत नाही, आणि महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहाचा आदेश होऊ शकतो. तुमच्या घरात ती वेळ येऊ नये असंच मला वाटतं.

वाटणी फक्त पैशाची नको. लांब राहूनही पुष्कळ काही करता येतं. दिरांनी डॉक्टरांच्या वेळा, औषधं मागवणं, बँक आणि पेन्शनची कागदपत्रं ही बाजू पूर्ण अंगावर घ्यावी. तुम्ही आठवण करायची आणि त्यांनी करायचं, असं नको. नणंदेने रोज संध्याकाळी सहा ते सात व्हिडिओ कॉल लावावा. दिवेलागणीला या आजारात कासाविशी वाढते आणि नेमकी तीच तुमची स्वयंपाकाची वेळ. लेकीशी गप्पांत तो तास निघाला तर तुम्हाला केवढी मोकळीक मिळेल! मिस्टरांना आईची आंघोळ जमणार नाही, ते समजू शकते. पण रात्रीची जाग, जेवण भरवणं, संध्याकाळी फिरवून आणणं, यात मुलाला न जमण्यासारखं काहीच नाही. गळीत हंगाम संपला की त्यांच्या वाट्याचे दिवस वाढवा. आणि मुलीची झोपायची खोली आजच बदला. बारावीच्या मुलीवर रात्रीचा पहारा नको.

सासूबाईंना सासऱ्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन असेल. तुम्ही त्याचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही, त्यावरून मला वाटतं की त्या पैशाला हात लावायचा नाही असा घरात अलिखित नियम असावा. तो मोडा. तो पैसा त्यांच्यासाठीच आहे आणि त्यांच्या सांभाळावर सगळ्यात आधी तोच खर्च व्हायला हवा. कमी पडेल ते तीन भावंडांनी ऐपतीप्रमाणे घालायचं. हिशोब त्याच वहीत, महिनाअखेरीला फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून काढता येतो, किंवा पोस्टमन घरी येऊन करून देतो. सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलंय, तेव्हा त्यांना रिक्षात घालून शाखेत नेऊ नका, शाखाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा.

कागदांवर अंगठे घेण्यापासून मात्र लांब राहा. हाताने सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पण ती सोय हात चालत नसलेल्यांसाठी आहे, समजत नसलेल्यांसाठी नाही. मुखत्यारपत्राचंही तसंच. देणाऱ्याचं मन थाऱ्यावर असताना केलेलं मुखत्यारपत्रसुद्धा पुढे त्याची समज गेली की आपल्याकडे कायद्याने टिकत नाही. अजून त्यांना व्यवहार कळतो असं डॉक्टर लेखी देत असतील, तर मृत्युपत्राचं जे काय करायचं ते तिन्ही भावंडांच्या माहितीने लगेच करा. समज गेली असेल तर काहीच करून घेऊ नका. पुढे एखाद्या मोठ्या व्यवहारासाठी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यायची वेळ आली तर भावंडांनी मिळून अर्ज करावा.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहेत. 'वय वंदना' कार्ड आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी आधारची ओळख पटवताना धावपळ होते. घरच्या सांभाळाचा खर्च त्यात मिळत नाही. दीर जुन्या करपद्धतीत असतील आणि आईचा आरोग्य विमा नसेल, तर तिच्या औषधोपचारावर त्यांनी केलेल्या ५०,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची त्यांना वजावट मिळते. बैठकीत हेही सांगा.

नोकरी सोडू का, असं तुम्ही विचारलंत. सोडू नका. पतसंस्था तुमचा भविष्यनिर्वाह निधी कापत असेल तर आकडाच बघा. आजच्या १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर चौदा वर्षांच्या सेवेला अठ्ठावन्नाव्या वर्षी महिना साधारण ३,००० रुपये पेन्शन बसते. पूर्ण सेवा केलीत तर, वीस वर्षांपुढे मिळणारी दोन वर्षांची भर धरून, साधारण ६,०००. आज राजीनामा दिलात तर उरलेल्या जन्माची निम्मी पेन्शन सोडल्यासारखं आहे, आणि ग्रॅच्युइटीची पुढची वर्षं वेगळीच. त्यापलीकडे, ऑफिसातले ते आठ तास तुम्ही सून नसता, तुमच्या नावाने कुणी हाक मारतं, चहा समोर येतो. ते गेलं तर तुमचा तोल सांभाळणं फार अवघड होईल. व्यवस्थापकांना परिस्थिती सांगून सकाळी अर्धा तास उशिराची सवलत मागा. अशा कामासाठी वेगळी रजा आपल्याकडे कायद्यात नाही, ती विनंतीवरच मिळते.

त्या आठ तासांसाठी बाई ठेवा. ब्युरोतून किंवा ओळखीतून, पण आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी करूनच. पहिले आठ-दहा दिवस घरातलं कुणीतरी बरोबर राहायला हवं. नणंदेची पहिली पाळी तेव्हाच लावा. 'मोलकरीण ठेवून सासूला टाकलं' असं वाड्यात कुणी म्हणालं तर म्हणू दे. आणि त्या मावशींनाही आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर पगार द्या. तुम्हाला जे सोसावं लागलं तेच दुसऱ्या एका बाईच्या गळ्यात घालायचं नाही.

या सगळ्यात तुम्ही एकट्या नाही. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ मध्ये केरळात सुरू झाली आणि देशभर तिच्या शाखा आहेत. काळजी घेणाऱ्यांना एकत्र आणून बोलतं करणं हे तिचं मोठं काम. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये उभी केली. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार होता. आजार वेगळा, पण घरच्यांचा थकवा ओळखून त्यांच्यासाठी गट चालवणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. जवळपास काय सोय आहे आणि अर्ज कुठे करायचा, हे त्यांना विचारा.

आणखी एक. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे, तिच्यात पगाराशिवाय काळजी घेणारे कुटुंबीयही येतात, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही. त्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत पार्किन्सन नावाने आहे, डिमेन्शिया नावाने नाही. पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान बिघडणं येतं. त्या आधारावर जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज करून बघा. केरळमध्ये 'आश्वासकिरणम' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले आहेत. रक्कम अगदी तुटपुंजी आहे. तरी घरातल्या या कामाची सरकारदरबारी नोंद होते, ही मला मोठी गोष्ट वाटते. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्यांची काळजी घेताना आढळल्या आणि त्या दिवसाची १४० मिनिटं त्यात घालवत होत्या. पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. यात मुलांचं करणंही आलं. कराडसारख्या गावात ज्येष्ठ नागरिक संघ असतात, विरंगुळा केंद्रं असतात. तिथे आठवड्यातून दोन दुपारी तरी डिमेन्शियाच्या माणसांना सांभाळायची सोय व्हावी, असा अर्ज नगरपरिषदेला द्या. तुमच्या गल्लीत अशी आणखी दोन घरं निघतील, त्यांच्या सह्या घ्या. आत्ता तुमच्यात ते त्राण नसेल. बाई मिळाली, पाळ्या लागल्या की मग बघा, पण बघाच.

आता हे सदर वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लेकी, मुलगे आणि जावयांशी दोन शब्द बोलते, कारण कराडच्या या घरासारखी घरं पुष्कळ आहेत. रविवारी जेवायला जाऊन आईची परीक्षा घेऊ नका. चार दिवसांची रजा टाका, बॅग घेऊन जा आणि वहिनींना त्या चार दिवसांसाठी घराबाहेर पाठवा. रात्री आईच्या खोलीत तुम्ही झोपा. तिला आंघोळ तुम्ही घाला, संध्याकाळी सहाला तिच्याजवळ तुम्ही बसा. पाचव्या दिवशी वहिनी परत आल्या की तिघं मिळून कॅलेंडर काढा आणि पुढच्या वर्षभराच्या तारखा तिथेच लिहा.